काचेतलं ऊन

आता तुम्हीच सांगा, अख्खा दिवस उन्हात बसणाऱ्या माणसाला उन्हाचं व्हिटॅमिन कमी पडेल? मी टॉवर क्रेन चालवतो, सगळ्या मजल्यांच्या वर, चारी बाजूंनी काचेची केबिन, सूर्य माझा शेजारी, उगवला की आधी मला रामराम, मग खालच्यांना ऊन. आणि रिपोर्ट म्हणतो, डी कमी!

तपासायला गेलो कशाला, तर शिडी चढताना मांड्या भरून यायला लागल्या. फोरमन म्हणाला, "मास्तर, पाय धड होईपर्यंत वर नाही हं." म्हणजे माझ्या केबिनमध्ये दुसरा कोणी बसणार? जीव गेला तरी नाही… म्हणून गेलो मुकाट.

डॉक्टरीणबाई विचारतात, "काका, केबिनच्या काचा उघड्या असतात?" म्हटलं, छे हो, एसी आहे. "मग उजेड येतो, ऊबही येते, पण डी बनवणारे किरण काचेतच अडतात." घ्या! सूर्य माझा शेजारी, पण दारातूनच परत जाणारा.

घरी बघतो तर सगळ्यांचं नीट चालू. नात दोन महिन्यांची, तिला रोज चारशे युनिटचे थेंब. मुलगा-सून, त्यांना सहाशे पुरे. आई सत्तरीपुढची, तिला आठशे, न चुकता. म्हणते, "मी स्वयंपाकघर सोडत नाही, तरी ठणठणीत. आणि तू म्हणे सूर्याचा शेजारी."

मला कमी होतं, म्हणून साठ हजार युनिटची कॅप्सूल, आठवड्याला एक, आठ आठवडे. आता मी झटपट माणूस… म्हटलं रोज एक घेऊ, आठ दिवसांत निकाल. बायकोनं पाकीटच हिसकावलं. "कमी पडलं तर हाडं जातात, जास्त झालं तर किडनी. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर दोनदा बजावलंय, तुम्ही तेव्हा वजनकाट्यावर खेळत होता." पाकीट गेलं आईकडे. दर रविवारी आईसमोर बसायचं आणि, "आ कर." या वयात!

तोवर फोरमननं मला खाली उभं केलं, हातवारे करून क्रेनला इशारे द्यायला, भर उन्हात. दोन-अडीच महिन्यांत रिपोर्ट झकास, पाय खणखणीत. छाती काढून गेलो, म्हटलं द्या माझी केबिन.

तो म्हणतो, "मास्तर, तुम्ही खाली आल्यापासून एक तुळई वाकडी उतरली नाही. तुम्हाला वर पाठवून माझं कसं चालेल?"

झालं. सूर्य माझा शेजारी होता, आता डोक्यावर बसलाय. पाय मात्र वाया गेले नाहीत हो… आमची लिफ्ट बंद पडली की बायको सगळ्या शेजारणींना सांगते, "यांना पाठवा सामान आणायला, यांचे पाय नवे आहेत."