आतल्या वहीतला कोरा रकाना

नाव: ल्याओ श्यू-छिन. वय: ५२ वर्षे. धंदा: पूर्वी कारखान्यात स्वयंपाक, ऑक्टोबरपासून हिशेब लिहिणे. राहणार: थू स्क्रू कारखान्यामागची खोली, गांगशान, काओशुंग, तैवान. दिनांक १६ नोव्हेंबर २०११, दुपारी ३.४०.

मी आपल्या पायांनी चौकीत आले आहे, मला कोणी पाठवलेलं नाही. विचारल्यावरून खरं तेच सांगते की,

मी विधवा आहे. कारखान्याचे मालक थू वेन-हुआंग हे माझे थोरले दीर. कारखान्यात माझ्या नवऱ्याचा तिसरा हिस्सा आहे. त्याखेरीज माझ्याजवळ काही नाही.

आमच्याकडे दोन वह्या असतात. बाहेरची वही बँकेला आणि करखात्याला दाखवायची, आतली घरातली. साहेब हसले, म्हणजे त्यांना हे नवीन नाही. माझे सासरे सांगायचे, "बाहेर काय थापा मारायच्या त्या मारा. आतल्या वहीत खोटा आकडा लिहिलात तर पितरांपुढे उभं राहू नका." नववर्षाला ती वही देवघरातल्या पितरांच्या नावांच्या पाट्यांपुढे ठेवतात. भावोजी साऱ्या जगाशी खोटं बोलतील, त्या वहीशी बोलत नाहीत. हे साहेबांनी नीट लिहून घ्यावं.

जाऊबाई वारल्यापासून आतली वही के मेई-चू नावाच्या बाई लिहीत. वय ४७, बिनलग्नाच्या. मार्चपासून त्या मला जेवणाच्या सुट्टीत हिशेब वाचायला शिकवत. म्हणायच्या, "हिस्सा तुझा आणि तुला ताळेबंद कळत नाही? भातात किती पाणी घालायचं ते बरं कळतं!" त्यांनी मला तीन पानं शिकवली. ताळेबंदात आज आपल्याजवळ काय आहे आणि आपण कोणाचं किती देणं लागतो ते असतं. नफा-तोट्यात वर्षभर काय कमावलं ते. तिसरं पान रोख पैशांच्या आवक-जावकीचं. त्या म्हणायच्या, "नफ्याचं पान पाहुण्यांना दाखवायला. तू आधी रोकड बघ. नफा दिसतोय आणि रोकड नाही, तर विचारायचं, बाबा रे, पैसा अडकलाय कुठं?"

ऑगस्टमध्ये मी तेच विचारलं. बाहेरच्या वहीत भरपूर नफा होता, रोकड नव्हती, आणि शिल्लक माल वर्षात दुप्पट झाला होता. आतल्या वहीत दोन वर्षं सरळ तोटा. के बाई आणि मी दुपारी गोदामात गेलो. दोन पिंपं उघडली. वर चार बोटं नवे स्क्रू, खाली गंजकं भंगार. पुढची पिंपं आम्ही उघडली नाहीत.

२२ ऑगस्टला के बाई माझ्यासमोर भावोजींना म्हणाल्या, "ह्या ताळेबंदावर मी माझा सहीचा शिक्का मारणार नाही. तीस सप्टेंबरला बँकेचा माणूस येईल, त्याला मी पिंपं दाखवणार." भावोजी चिडले नाहीत. म्हणाले, "के मॅडम, चहा गार होतोय." मला तेव्हाच भीती वाटली होती.

२८ सप्टेंबरला दुपारी दोन वाजता भावोजी त्यांना माल मोजायला म्हणून व्हॅनमधून गोदामात घेऊन गेले. ५.१० ला एकटेच परतले. म्हणाले, "मध्येच नोकरी सोडते म्हणाली. स्टेशनवर उतरवली." के बाईंची स्कूटर कारखान्यातच होती. टेबलाखाली त्यांच्या सपाता होत्या. दुसऱ्या दिवशी भावोजींनी स्कूटरवर ताडपत्री टाकली.

३ ऑक्टोबरला के बाई हरवल्याची चौकशी झाली, तेव्हा ह्याच चौकीत मी जबाब दिला की मला काही माहीत नाही. तो जबाब खोटा होता. घरची अब्रू म्हणून दिला. त्याची मला लाज वाटते.

मग भावोजींनी आतली वही माझ्या हाती दिली. म्हणाले, "आता घरचंच माणूस बरं." माझा शिक्का सोयीसाठी म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवून घेतला. पुढच्या महिन्यांचा अंदाज मात्र वहीत ते स्वतःच लिहितात, कोणाला किती पगार जाणार ते नावानिशी. मी मागची पानं चाळली. १ सप्टेंबरच्या पानावर के बाईंच्या नावापुढे सप्टेंबरचा पगार आहे. ऑक्टोबरचा रकाना कोरा, पुढचेही कोरे. ज्या बाईनं २८ तारखेला अचानक नोकरी सोडली म्हणतात, तिचा पगार १ तारखेलाच थांबलेला होता. नाव खोडलेलं नाही. बाकी सगळ्यांचे आकडे वर्षअखेरपर्यंत आहेत. मी ते पान तीन वेळा वाचलं.

साहेबांनी विचारलं, मग दीड महिना काय केलंत. रोज हिशेब लिहिला. त्याच माणसाला भात वाढला. दुसरं काय करणार होते?

परवाच्या दिवशी भावोजींनी अंदाजाचं नवीन पान लिहिलं. तारीख १४ नोव्हेंबर. कामगार चौघे, चौघांचे पगार आणि नववर्षाचा बोनस लिहिला आहे. माझ्या नावापुढे नोव्हेंबरचा पगार आहे. डिसेंबरचा रकाना कोरा आहे. बोनसचाही. मी नोकरी सोडलेली नाही, सोडणार असं कोणाला म्हटलेलंही नाही.

आज सकाळी भावोजी स्वयंपाकघराच्या दारात आले. कधी येत नाहीत. म्हणाले, "श्यू-छिन, परवा शुक्रवारी दुपारी माल मोजायला जाऊ. डबा घेऊ नकोस, वाटेत काहीतरी खाऊ." मी "बरं" म्हटलं.

ते बँकेत गेल्यावर मी वही काढायला कपाट उघडलं. के बाईंचा शिक्का आत होता, लाल दोरीसकट. ती दोरी त्या आंघोळीलासुद्धा गळ्यातून काढत नसत. मी त्याला हात लावला नाही. आतली वही तेवढी घेऊन निघाले, ती साहेबांच्या टेबलावर आहे. भावोजी रोज पाच वाजता कपाट उघडून वही बघतात. आता सव्वापाच झाले आहेत. मला आज खोलीवर पाठवू नये, एवढी विनंती आहे.

वरचा मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, त्यात माझ्या पदरचं काही नाही. सहीऐवजी शिक्का मारायचा असतो, पण माझा शिक्का त्याच कपाटात, के बाईंच्या शिक्क्याशेजारी आहे. म्हणून अंगठा देते.