शेळीची उडी

मोबाईलवरच्या त्या उड्या मारायच्या गेमचं आईनं काय केलं, ते ऐका. एका जागी खाली नुसते काटे. उडी बोटभर चुकली की मेलाच. आमच्या सगळ्या पोरांनी तो गेम काढून टाकलता. मीबी आठ दिवस मरून शेवटी रिव्ह्यू टाकला, "हा गेम मानसाला जमायचा न्हाई."

आई शेळ्या चारून आलती, मागं उभी राहून बघत होती. म्हनली, "तू लई आधीच उडतूस. शेळी बग, पार कडंला पाय टेकल्याबिगर उडत न्हाई."

तसं केलं. पहिल्याच उडीत पलीकडं.

तिथंच बसून रिव्ह्यू बदलला, "गेम चांगला हाय. ज्यांला जमत न्हाई त्यांनी उमापूरला यावं, आमची आई शिकवील."