आधी डोळा, मग टाके

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सुनंदा मॅडमच्या घरची माणसं समोर बसली आहेत. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "मुद्द्याचं बोल रे, पेशंट थांबलेत." म्हणून मुद्द्याचंच बोलतो.

आमच्या हॉस्पिटलात चेहऱ्याला मार लागलेला पेशंट आला, की मॅडम आधी आम्हा ज्युनिअर डॉक्टरांची नखं बघायच्या. हो, नखं. शाळेतल्या बाई बघतात तशी. "सुजलेला चेहरा चाचपायचाय. आधीच दुखतंय त्यांना, त्यात तुझं नख कशाला?" आम्हाला तेव्हा हसू यायचं.

एक दुपार सांगतो. मी नवीन होतो. पिंपळगावजवळ द्राक्षांचा टेम्पो उलटला आणि शोभाताईंना आमच्याकडे आणलं. श्वास ठीक, शुद्धीवर. पण कपाळ फाटलेलं, रक्ताची धार. मी लगेच टाके घालायला बसलो. फार सुबक घालत होतो, स्वतःवरच खूश होतो. डावा डोळा सुजून मिटला होता. तो मी उघडून बघितलाच नाही.

मॅडम आल्या. हात धुतले, पापण्या हलकेच उघडल्या. "ताई, माझी बोटं किती?"

"नाय दिसत ओ. नुसता उजेड हाय."

डोळ्यामागे रक्त साचून दाब वाढला होता; थोडा उशीर झाला असता, तर नजर कायमची गेली असती. मॅडमनी जागा बधिर केली, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद दिला, दाब मोकळा केला. मग पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. किती वेळ गेला, मला विचारू नका. शेवटी शोभाताई म्हणाल्या, "दोन."

मला मॅडम एवढंच बोलल्या, "टाके तासाभराने घातले तरी चालतात. डोळा थांबत नाही." चारचौघांत त्यांनी ती चूक कधीच काढली नाही. आज मीच काढतोय. शोभाताई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, दोन्ही डोळे पुसताहेत.

गेल्या आठवड्यात मॅडमना भेटायला गेलो. आजारपणात त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. दोन बोटं समोर धरली. "मॅडम, किती?"

बोटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दोन. नखं वाढलीत तुझी."

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.

मॅडम, नखं कापून आलोय.