निनावी पोराचं बारसं

घडवलंस तू, आणि तोंडही तूच फिरवलंस! हो, तुलाच म्हणतोय — वर बसलेल्याला!

दचकलात मंडळी? अहो, संत भांडले देवाशी, मग आपण काय घाबरायचं! आज प्रश्न एकच — जीव घातला की घडवणाऱ्याचं काम संपतं, की तिथून सुरू होतं? ऐका!

डोंगरातलं सातकडा गाव. तिथे नारोपंत वैद्य. विद्या अफाट! पंतांनी हाडं, कातडं, तांब्याच्या तारा जमवून माणूस जोडला — दारातून वाकूनच जाईल एवढा! — आणि आभाळातली वीज त्याच्यात उतरवली! हात जोडा मंडळी, खरंच जोडा! मेलेलं बोट हललं! छाती वर आली, खाली गेली! पापणी उघडली! ब्रह्मदेवसुद्धा आसनावरून अर्धा उठला असेल!

आणि पंत? ते पिवळे डोळे बघून धोतर सावरत पळाले — थेट थोरल्या बहिणीकडे!

दुर्पाक्का बहीण. जिभेला धार. "नारू, बारसं केलंस त्याचं?"

"कसलं बारसं, अक्का? राक्षस आहे तो!"

"असेल. तुझाच ना?"

पंत दाराकडे सरकले! अहो, नाव दिलं की घर द्यावं लागतं, पंगतीत पान मांडावं लागतं. शहाणा माणूस — पळवाट आधी शोधतो!

इकडे तो जीव रानोमाळ भटकतोय. दार वाजवावं, तर आतून कडी! नावच नाही, म्हणून लोक ओरडायचे, "नारोपंत आला! पळा, नारोपंत आला!" हसताय? बाप नाव देत नाही ना, मग जग बापाचंच नाव चिकटवतं!

एका दुपारी गावाने त्याला देवळाच्या पारावर घेरलं. हातात दगड. पाटील गरजले, "बिननावाच्याला मारलं तर पाप कुणाला? हाणा!"

तोच गर्दी फाडून दुर्पाक्का पुढे! "वाक रे खाली, घोड्या!"

तो वाकला. अक्काने त्याच्या कानाशी तोंड नेलं — "कुर्रर्र! जिवबा!"

आता रीत काय? आत्याने कुर्र केलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. पण घालतंय कोण? सगळ्या थिजलेल्या!

"अगं मेल्यांनो," अक्का कडाडली, "माझी पाठ काय परकी आहे?"

कुंभाराची म्हातारी उठली. घातला धपाटा! मग दुसरी आली, तिसरी आली... आणि पुरुषांना दगड मारायला जागाच उरेना — समोर सगळ्या घरच्याच बायका!

आणि तो? विजेने उठलेला तो डोंगर ढसाढसा रडला हो! "आत्या... पुन्हा म्हण."

मग अक्कामागून आलेल्या पंतांकडे वळला. राग नाही, शिवी नाही. "बाबा, आज जेवायला कुणाच्या घरी येऊ?"

पंतांनी मान खाली घातली.

मंडळी, ही गोष्ट मरत नाही! कुठे नवं यंत्र निघालं, की ही पुन्हा उठून बसते. कारण तुम्ही यंत्रं घडवता, पुढारी घडवता, पोरं घडवता — आणि बिघडली की म्हणता, "आमची नव्हेत!" थांबवा ते टाळ! मान वर करा! पंत बोलले नाहीत, आता तुम्ही सांगा. तो उपाशी उभा आहे — कुणाच्या घरी येऊ दे? बोला!