चिंचेनं घासलेला रुपया

देव्हाऱ्यातल्या रुपयानं माझी लई फजिती केली बे. दुष्काळ होता, गाव टँकरच्या पाण्यावर. मला साखर कारखान्याचा सभासद व्हायचं होतं, अन् शेअरपुरते पैसे न्हवते. म्हणून देवातला निजामाचा चांदीचा रुपया घेऊन परळीला जुनी नाणी घेणाऱ्या शेठकडं गेलतो.

शेठनं भिंग लावलं. "ह्याच्यावरचा चारमिनार कुठं गेला?"

"आई दर दिवाळीला चिंचेनं घासती."

"घासला नसता तर हजारांत गेला असता. आता नुसता चांदीचा भाव."

तसाच परत आणला. आईला सगळं सांगितलं अन् म्हणलं, "आता तरी ह्याला घासू नको."

"दे इकडं," आई म्हणली, "परळीच्या थर्मलच्या चिमणीची राख बसली ह्याच्यावर." अन् टँकरच्या तांब्याभर पाण्यात तिनं चिंच भिजू घातली.