कर्नाळ्याची वाट

बेलापूरला मेट्रोच्या तिकिटाच्या रांगेत चारुलताबाईंच्या पुढे एक नवराबायको उभे होते, आणि बाईंचे कान मुळातच तिखट.

“रविवारी कर्नाळा. सहाला निघू. जाई पण येतेय.”

“जाई कशाला?”

“ऑफिसात ट्रेक करणारी तीच एक आहे. वाट दाखवेल.”

“कर्नाळ्याची वाट? पाट्या लावल्यात तिथे!”

“अगं, तिला सवय आहे.”

“सवय आहे, तर मागच्या वेळी तिची बॅग तू का उचललीस?”

“दम लागला होता तिला.”

“मला जिना चढताना लागतो, तेव्हा ‘वजन कमी कर’ म्हणतोस.”

“बरं बाई, नको येऊस म्हणून सांगतो तिला.”

“नको, येऊ दे. नाहीतर सुळक्यापाशी पोचल्यावर पहिला फोटो तिलाच पाठवशील.”

रांग पुढे सरकली. तो हलला नाही, आणि चारुलताबाईंनीही ‘चला पुढे’ म्हटलं नाही.