गुप्त फोनचा पहारेकरी

—नाही नाही, घाबरू नकोस मास्तर, हा फोन एकदम गुप्त आहे—कोणी ऐकू नये म्हणून तर मला इथे बसवलंय! वरून हुकूमच आला ना—तुरुंगात कैद्याच्या अंगाला कुणी हात लावला, जबरदस्ती केली, तर त्याने बाहेरच्या संस्थेतल्या बाईंशी थेट बोलायचं, एकांतात. झालं! एकांत म्हणजे पडदा हवा. पण कैदी नजरेआड होता कामा नये, म्हणजे पडद्यातून दिसायलाही हवं. म्हणून मच्छरदाणीचा पडदा—तूच तर शिवलास! बरा शिवलायस, डास शिरत नाही आत. बरं, पहारेकरी हजर पाहिजे, पण त्याने ऐकायचं नाही. मग सुतारकामात करवतीपाशी कानांवर चढवतात ना, ती जाड झाकणं दिली मला. घरी घालून बघितली, तर बायको म्हणते, काही फरक जाणवत नाही, तुम्ही एरवी तरी कुठे ऐकता! आणि भिंतीवरचा तो फलक—‘चूक तुमची नाही’—खरंय रे ते, शंभर टक्के खरंय, पण खाली मोठ्या साहेबांचा एवढा हसरा फोटो कशाला? म्हणे फोटोशिवाय लोकांना विश्वास कसा वाटणार. इथे फोन उचलणाऱ्याला वाटतं, साहेब आपल्यालाच हसतायत.

बस की. पाठ करून बसायचंय? बस. रिसीव्हर मांडीवर ठेवलास तरी चालेल, घाई नाही, मी तोवर झाकणं उतरवून चहा ओततो. एक सांगू? कुणाला बोलू नकोस. कान बंद, काम काही नाही, दिवसभर समोर नुसते हलणारे ओठ—मला ओठ वाचता यायला लागलेत. मुद्दाम नाही शिकलो, शप्पथ! एक जण आला, ओठ म्हणाले ‘छोटे’—माझ्याकडे बघितलं—फोन खाली. मी म्हटलं टॉवेलची तक्रार असेल, यंदाचे टॉवेल आहेतच छोटे. दुसरा आला—‘छोटे’—नजर माझ्यावर—फोन खाली. तिसरा, तेच. आता टॉवेलसाठी कुणी माझ्याकडे बघून फोन ठेवतं का? छोटे साहेब. तुमच्या बराकीचा पहारेकरी, माझा मेहुणा. सगळा तुरुंग मला दाजी म्हणतो ते काय माझ्या प्रेमापोटी? त्याचं ऐकून म्हणतात. म्हणजे गंमत बघ—फोन गुप्त, पडदा लावलेला, कान बंद, आणि राखणीला बसवला कोण? त्याचाच दाजी! हसू नकोस—हसत नाहीयेस, बरोबर आहे, हसण्यासारखं नाहीच. दर रविवारी येतो जेवायला, माझ्या शेजारच्या खुर्चीत. बायको आग्रह करकरून वाढते, लाडका भाऊ—आणि मला त्याच्या हातांकडे बघवत नाही. शिसारी येते. ताट अर्ध्यावर सरकवतो. ती विचारते, मीठ कमी पडलंय का? काय सांगू तिला? परवा शिलाईच्या खोलीतून तुला एकट्यालाच बोलावलं त्याने, कापडाचे तागे उचलायला म्हणून—गोदामात नेलं, दार लावलं, मी बघितलं. परत आलास तेव्हा तुला सुईत दोरा ओवता येईना. तुला! गप्पा मारत, न बघता ओवणारा माणूस तू, आणि—

कोण बोललं?

मास्तर! फोनमधून आवाज येतोय. नंबर कधी लावलास? पाठ केलीस तेव्हाच? म्हणजे टॉवेलपासून सगळं गेलं का तिकडे? मीठसुद्धा? काय म्हणतायत—‘बोला दाजी, ऐकतेय मी’—घ्या, बाईसुद्धा दाजी म्हणायला लागल्या! अरे देवा. ठेवून दे. नको, ठेवू नकोस. दे इकडे. हॅलो—हो, मीच. नाही, मला ऐकायला बंदी आहे, बोलायला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नाही—हो, बायकोचा सख्खा भाऊ. गोदामात नेताना मी पाहिलाय, त्याच्या तोंडावर सांगेन. घ्या लिहून. आणि याला आजच्या आज दुसऱ्या बराकीत हलवा, त्याच्या वाऱ्यालाही उभा राहायला नको—तुम्ही बोलाल वर? डॉक्टरही? बरं. काय? माझ्या घरी? घरी काय, रविवारी एक खुर्ची कमी लागेल. कदाचित दोन.

घे, धर. मी बघितलं ते मी सांगितलं, तुझं तुझ्यापाशी आहे—सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नुसता कानाला लावून बस, बाई थांबते म्हणाल्या. ही बघ, झाकणं चढवली. खुर्चीही फिरवली भिंतीकडे, आता ओठही दिसायचे नाहीत, साहेब आणि मी बसतो एकमेकांचं तोंड बघत. पडदा ओढ, मास्तर. माझ्याकडे बघू नकोस आता. मला काही ऐकू येत नाही.